मागच्या ब्रेकचं गाऱ्हाणं

मला राग लवकर येतो आणि जायला फार वेळ लागतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून भलती अपेक्षा करणार नाही. आमच्या घराण्यात सगळेच असे. माझे वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच गडग्याच्या दोन बाजूंना जन्मभर राहिले. गडगा म्हणजे चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. त्यातली निम्मी वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. ते गेल्यावर गडगा मला आणि माझ्या चुलतभावाला मिळाला, आणि अबोलाही मिळाला. त्या घरात बोलायचं माणूस एकच, माझी काकी, त्या चुलतभावाची आई. ती गडग्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच हक्काने ओरडायची.

मी बारा वर्षं पूर्व आफ्रिकेत एका साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि परत येताना गाडी घेऊन आलो. गाडी जपानी, लहानशी, काळी. गावात आली त्याच दिवशी चुलतभावाने तिला "आफ्रिकेतली म्हस" म्हटलं आणि तेच नाव पडलं. मालवणी मुलखात एकदा पडलेलं नाव सरकारी कागदानेसुद्धा पुसता येत नाही. माझ्या पुतण्यांच्या लग्नात लोक मला विचारायचे, "म्हस हाडलास मां?" मी हसायचो आणि मनातल्या मनात चुलतभावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो, त्या माझ्याही सात पिढ्या आहेत हे विसरून.

या गाडीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसणारा ओतीव लोखंडाचा जाड डबा. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू असतात, शूवर घासायचं जाड अस्तर असतं, त्याला लायनर म्हणतात. पाय दाबला की लाईनीतून येणाऱ्या तेलाच्या दाबाने एक बोटाएवढा सिलिंडर दोन्ही शू बाहेर ढकलतो, ते ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. यात न समजण्यासारखं काही नाही. तरी वीस वर्षांत मला हे समजलेला मेकॅनिक भेटला नाही. मालवणातल्या एकाने माझ्याकडे दयेने बघत सांगितलं, "मागचे ब्रेक लागतत खंय? पुढचे आसत मां? मागची लाईन बंदच करून टाकतंय." धामापूरच्या उतारावर, पावसात, घरातली चार माणसं गाडीत असताना मागची लाईन बंद! मी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्या दिवसापासून मागचं चाक दुसऱ्या कोणाला उघडू दिलं नाही.

कुडाळच्या दुकानदाराचं वेगळं. त्याने आपल्याकडच्या एका गाडीचे शू समोर ठेवले आणि "सेम टू सेम" म्हणाला. मी घरी येऊन मोजले तर रुंदीला तीन मिलिमीटर जास्त. परत नेले तर म्हणाला, "वायच घासून घेवा." सिलिंडरच्या आतल्या रबराचंही तेच. आपल्याकडे मिळतं ते पाऊण इंची, माझं त्याहून अगदी थोडं कमी. थोडं कमी म्हणजे काय, तर रबर ढकलून बसतं, चार दिवस नीट चालतं आणि पाचव्या दिवशी तेल गळायला लागतं. ते तेल शूवर उतरतं आणि लायनर भिजलं की ते फेकून देण्यापलीकडे काही करता येत नाही. लोक चुलीवर भाजून वापरतात. मीही एकदा भाजलं होतं. महिनाभर ब्रेक लावला की गाडीभर जळका वास यायचा आणि गाडी एका बाजूला ओढायची.

एका काजू कारखानदाराने मला एकदा सांगितलं की काजूच्या टरफलाचं तेल काढतात ते ब्रेकच्या लायनरात घालायला जातं. म्हणजे माझ्या परड्यातल्या काजूची टरफलं जगभरच्या गाड्या थांबवणार आणि माझी स्वतःची गाडी थांबवायला जोडीभर शू मिळणार नाहीत. हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्याला खूप हसू आलं. मला आलं नाही.

बाकी सांभाळायचं ते मी सगळं सांभाळलं. खाऱ्या हवेने स्प्रिंगा गंजतात, म्हणून दर दसऱ्याला ड्रम उघडायचा, धूळ ब्रशने काढायची, शू जिथे पत्र्यावर टेकतात तिथे चिमूटभर ग्रीस. जास्त लावलं तर लायनरला लागतं. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी ठेवायची नाही, नाहीतर दोन दिवसांत शू ड्रमला गंजून चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावायचा. झिजलेले शू आपोआप ड्रमजवळ आणणारे आटे असतात, ते डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. अदलाबदल झाली तर ब्रेक घट्ट होण्याऐवजी सैल होत जातो. मी डाव्यावर बायकोच्या नेलपॉलिशची खूण करून ठेवली होती. ज्या माणसाने गडग्यापलीकडच्या माणसाशी चार शब्द धड बोलून दाखवले नाहीत, त्याने हे सगळं केलं.

परवाच्या गणपतीनंतर दोन्ही सिलिंडर एकदम गेले. आतून इतके खड्डे पडले होते की नवं रबर घालून उपयोग नव्हता. शूही संपत आले होते. मी मागची दोन्ही चाकं काढली, गाडी चिऱ्यांवर चढवली आणि शोध सुरू केला. पाच महिने फोन, फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून पुन्हा फोटो. शेवटी मुंबईच्या जुन्या बाजारातल्या एका दुकानदाराकडे दोन सिलिंडर, शूची जोडी आणि स्प्रिंगांचा संच सापडला. ब्रेक ऑईलची एक बाटलीही त्यात टाका म्हटलं. तो म्हणाला, रात्रीच्या बसने खोका पाठवतो, उतरवायचा कुठे? मी म्हणालो, "तिठ्यावर. माझं आडनाव लिहा, नंबर लिहा. कोणीही सांगेल."

आमच्या तिठ्यावर, म्हणजे जिथे तीन रस्ते मिळतात तिथे, चुलतभावाचं किराणा दुकान. मुंबईच्या बसमधून येणारी गावाची सगळी पार्सलं वर्षानुवर्षं त्याच्याकडेच उतरायची. लोकांची औषधं, लग्नाच्या साड्या, चष्मे, कवळ्या. त्याच्या दुकानातून कधी कोणाची काडी हरवली नाही, हे आज लिहितो. तेव्हा मला ते आठवलं नाही.

आठवलं नाही, कारण खोका यायच्या तीनच दिवस आधी आमचं कडाक्याचं वाजलं होतं. चिऱ्यांवरची गाडी आमच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला पाणंदीच्या तोंडाशी होती, आणि त्याची स्कूटर तिथून अंग चोरून न्यावी लागायची. तो ओरडला, "ह्या भंगार हयसून हलय, नायतर मी ढकलून घालतलंय." मी म्हणालो, "पार्ट येतत ते येवंदेत, मगे हलयतंय." त्यावर तो सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलला, "तुजो खोको माज्या दुकानात इलो मां, तर खाडयेत उडयतलंय!"

खोका आला नाही. मुंबईचा दुकानदार म्हणे, बसमध्ये दिला. बसवाला म्हणे, तिठ्यावर उतरवला. मी दुकानात गेलो. चुलतभावाने वर मान न करता सांगितलं, "इलो नाय."

"बसवालो सांगता उतरयलो म्हणान."

"मगे बसवाल्याक इचार."

एवढंच बोलणं झालं. मला पुरावा नको होता, मला खात्रीच होती. घरी आलो आणि बायकोला म्हणालो की देवळात गाऱ्हाणं घालणार.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावांत एखाद्यावर अन्याय झाला आणि माणसाकडून न्याय मिळेनासा झाला की नारळ घेऊन देवळात जायचं. गावचा मानकरी देवापुढे उभा राहून आपली तक्रार खड्या आवाजात सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आणि एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं असेल तर तिथेच, त्याच लोकांसमोर उभं राहून उतरवावं लागतं. चार शिकलेली माणसं याला हसतात. मीही आफ्रिकेत असताना हसायचो.

बायको म्हणाली, "आदी नीट चौकशी तरी करा. मुंबयक परत फोन लावा."

मी म्हणालो, "तू तेची बाजू घेव नको."

सोमवारी पंधरा-वीस माणसं होती. मानकऱ्याने नारळ हातात घेतला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराची वस्तू ज्या कोणी दाबून ठेवल्यान आसात, तो भायरचो आसो, घरचो आसो, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!" लोकांनी होकार भरला. "घरचो आसो" हे दोन शब्द मी मुद्दाम घालायला सांगितले होते. तिथल्या एकालाही अर्थ विचारावा लागला नाही.

पुढे काय झालं ते कोणी केलं नाही, आपसूक झालं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, आमच्याकडे बोलत नाहीत. फक्त पार्सलं पुढच्या स्टॉपवरच्या चहावाल्याकडे उतरायला लागली. शिमग्यात चुलतभावाची स्कूटर घसरून मनगट मोडलं, तेव्हा लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तो प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून रिकाम्या दुकानात बसायचा. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, भरपूर आनंद झाला. मी मुद्दाम त्या रस्त्याने जायला लागलो.

वैशाखात एका दुपारी फोन आला. वालावलकडच्या एका तिठ्यावरचा दुकानदार. "तुमचो एक खोको आसा हंय. दोन म्हयने पडलो हा. नंबराचे शेवटचे दोन आकडे पुसले, किती जणांक फोन लावलंय म्हायत आसा?"

मी बायकोला कुडाळला जातो सांगून शेजाऱ्याच्या स्कूटरवर गेलो. खोका माझाच. ऑईलच्या बाटलीचं बूच सैल राहिलं होतं आणि ब्रेक ऑईल शाई खाऊन टाकतं. सिलिंडर आणि शू वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेले, कोरडे ठणठणीत. वर आडनाव होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत "तिठा". गावाचं नाव नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. सिंधुदुर्गात गावागणिक एक तिठा आहे, आणि आमच्या आडनावाची माणसं निम्म्या जिल्ह्यात. पण मी माझ्या गावातून बोलत होतो, आणि माझ्या डोक्यात तिठा म्हणजे आमचा तिठा. मुंबईच्या माणसाला काय कळणार, हा विचारच शिवला नाही. बसवाल्याने खोका तिठ्यावर उतरवला होता हे अगदी खरं होतं.

तो दुकानदार मला पाणी देत होता आणि मी त्याच्यावर खेकसलो, दोन महिने काय करत होतात म्हणून. बिचाऱ्याने पेला तसाच खाली ठेवला.

खोका मी कपाटात, जुन्या गोधड्यांच्या मागे ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी मी देवळात जाणार होतो. मग वाटलं, आंब्याचं काम उरकू दे, आता माणसं जमणार नाहीत. मग वाटलं, त्याचं प्लास्टर सुटू दे. मग मनात आलं की नेला नसला तरी न्यायची भाषा त्यानेच केली होती, तेव्हा थोडं भोगलं तर बिघडलं कुठे? माणूस स्वतःच्या बाजूने किती चांगला वकील असतो ते मला त्या दिवसांत कळलं. आणि एक घट्ट अडचण होती. ब्रेक बसवले की गाडी चिऱ्यांवरून उतरणार. गाडी उतरली की गडग्यापलीकडून ते दिसणार. पाच महिने शोधलेले पार्ट घरात, आणि ते मला हातात धरता येत नव्हते. बायको परड्यात गेली की मी कपाट उघडून ते बघायचो आणि परत गोधड्या लावायचो.

खोका आणल्याला दहा-बारा दिवस झाले असतील. काकीने मला गडग्याजवळ बोलावलं. ऐंशीच्या पुढची बाई, पण एरवी कणखर. मी लहान असताना आई आजारी असायची, तेव्हा हिनेच मला न्हाऊमाखू घातलं, तिच्या झिलाच्या, म्हणजे या चुलतभावाच्याच, शेजारी बसवून जेवू घातलं. आता खूप वाळली होती. चुलतसुनेने माझ्या बायकोला सांगितलं होतं की गाऱ्हाणं घातल्यापासून काकीने मासे सोडलेत आणि एक वेळच जेवते. आमच्याकडे माणसाने मासे सोडले म्हणजे काय, ते मी समजावून सांगायला नको.

काकी म्हणाली, "झिला, खरा सांग. तुजो तो खोको गावलो काय रे?"

तिने दुसरं काहीही विचारलं असतं तर बरं झालं असतं. गडग्यावर तिचा हात होता. मी त्या हाताकडे बघत म्हणालो, "नाय, काकी."

तिने हात गडग्यावरून काढून घेतला. मग म्हणाली, "मगे माज्या झिलानच घेतल्यान. मी तेका किती येळा इचारलंय, तो माज्या अंगार येता. घेतल्याशिवाय कोण असो अंगार येयत?"  ती म्हणाली, "मी देवाक सांगितलंय. तेच्या वाट्याचा जा काय आसात, ता माका दी."

तेव्हा बोलायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण पलीकडे पडवीत चुलतभाऊ उभा होता, आमच्याकडेच बघत होता आणि त्याच्या समोर मला खाली मान घालायची नव्हती. माझा काकीवर राग नव्हता. तरीही मी तिला तसंच उभं सोडून घरात आलो.

त्यानंतर नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, चुलतभाऊ गडगा ओलांडून आमच्या खळ्यात आला. किती वर्षांनी, मला सांगता येणार नाही. "आवशीचो श्वास लागलो हा. रुग्णवायका यायसर तास लागात म्हणतत. रिक्षावाले सगळे लग्नाक गेले." एवढं एका दमात बोलून तो गाडीकडे वळला. मागून चिऱ्यांवर टेकलेली, चाकं बाजूला. तो थांबला. "तुका तरी काय म्हणान इचारतंय," तो म्हणाला, "पार्टच नायत मां."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधला, खरंच शोधला. नव्हता. तो धावत तिठ्याकडे गेला आणि आंब्याच्या पेट्या नेणारा एक टेम्पो अडवून घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून काकीला गोधडीवरून उचललं आणि पेट्यांमधल्या जागेत निजवलं. तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी खालीच राहिलो. कुडाळ यायच्या आत ती गेली. गाडीने नेली असती तर वाचली असती का, मी डॉक्टरला विचारलं नाही आणि कोणालाच विचारणार नाही.

तेव्हाच देवळात धावावंसं वाटलं, पण तेही जमणार नव्हतं. भावकीतलं मरण, सुतक आम्हालाही. तितके दिवस देवळाची पायरी चढायची नाही. मी रोज पलीकडे जाऊन बसलो, आल्यागेल्याला पाणी दिलं, दहाव्याला नदीवर गेलो, बाराव्याचं जेवलो. चुलतभाऊ मला म्हणाला, "तू रोज येतंस, बरा वाटता." मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याने बरं बोलायला नको होतं. त्याचा हलकटपणा मला तोंडपाठ होता, त्याच्यावर मी जगत होतो.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, चुलतभाऊ दुकान उघडायला गेल्यावर मी खोका कपाटातून काढला आणि खळ्यात, उघड्यावर, पोत्यावर मांडला. ड्रम चिकटले होते. ड्रमच्या अंगाला दोन भोकं असतात, त्यात बोल्ट पिळत गेलं की ड्रम आपोआप पुढे सरकतो. ठोकायचा नसतो, ठोकला की तडकतो. जुने सिलिंडर काढले, नवे बसवले. शू लावले, वरची स्प्रिंग, खालची स्प्रिंग, नेलपॉलिशवाला आटा डावीकडे. बोटं सोलली. सगळं नीट बसलं. इतकं नीट वीस वर्षांत बसलं नव्हतं.

लाईनीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी नळीचं तोंड उघडायचं. मी बायकोला बोलावलं. ती गाडीत बसली.

"दाब. धर."

बुडबुड्यांसकट तेल आलं. मी पाना फिरवून बंद केलं. "सोड."

दोन-तीनदा झाल्यावर ती आतून म्हणाली, "ह्ये पार्ट कदी इले?"

"म्हयनो झालो."

"काकी गेली तेवा घरात होते?"

"व्हय. कपाटात. दाब."

तिने दाबलं. मी नळीचं तोंड उघडलं, बंद केलं, "सोड" म्हणालो. तिने पाय काढला नाही. मी पुन्हा म्हणालो. बराच वेळ ती तशीच पाय दाबून पुढे काचेकडे बघत बसली होती. मग पाय काढला, उतरली आणि घरात गेली. उजव्या चाकाची हवा मी शेजारच्या माणसाला बोलावून काढली. तेव्हापासून बायको माझ्याशी कामापुरतं बोलते.

त्याच संध्याकाळी मी गाडी घेऊन देवळात गेलो. चालत पाच मिनिटांची वाट, पण मुद्दाम गाडी घेतली. मानकऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की गाऱ्हाण्याच्या दिवशीची सगळी माणसं बोलवा आणि चुलतभावालाही बोलवा, माझ्या तोंडून सांगायचं आहे. देवळाच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ, न ओढता, आवाज न करता उभी राहिली. सगळे बाहेर उभे होते. चुलतभाऊ आधी गाडीकडे बघत राहिला. मग चाकांकडे. तेवढ्यात त्याला कळलं होतं, मी तोंड उघडण्याआधीच.

तरी मी सगळं सांगितलं. गावाचं नाव सांगायला मी विसरलो ते, वालावलचा तिठा, गोधड्यांमागचा खोका, किती दिवस ते. काकीने विचारलं आणि मी नाही म्हणालो, तेही.  मानकऱ्याने नारळ घेतला, पहिलं गाऱ्हाणं उतरवलं, लेकराची चूक पोटात घाल म्हणून देवाला विनवलं. लोकांनी होकार भरला. पुटपुटत भरला, पण भरला.

चुलतभाऊ पुढे आला. "माकाय एक नारळ दिया," तो म्हणाला. कोणीतरी दिला. मानकरी हात पुढे करत होता, पण त्याने नारळ दिला नाही, स्वतःच धरून देवासमोर उभा राहिला. मोडलेलं मनगट अजून नीट वळत नव्हतं.

"म्हाराजा," तो म्हणाला, "माजी आवस माका चोर समजान गेली. हेका काय एक करू नको. हेका बरो ठेव. खूप वर्सां ठेव. आणि ता हेका एक दीस इसराक दिव नको."

कोणी होकार भरला नाही. मी तिथेच उभा होतो, माझ्या तोंडावर कोण होकार भरणार? मानकरी जमिनीकडे बघत होता. पुजारी आत गेला. चुलतभाऊ नारळ धरून तसाच उभा राहिला. त्याला घाई नव्हती. होकार आल्याशिवाय तो नारळ ठेवणार नव्हता, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. आम्ही एका घरातले आहोत.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

मग त्याने नारळ ठेवला.